मानेतली छत्री

आमच्या घरात भिंतीवर जितके फोटो आहेत, त्यांत एक सोडून सगळ्यांत माझ्या आईची मान वाकडी आहे. काकांच्या लग्नात, माझ्या बारशात, गणपतीपुढे, सगळीकडे ती डावीकडे कललेली. शेजारचं कोणीतरी कानात काही सांगतंय आणि हिला त्यात फार रस आहे, अशी. मालवणच्या फोटोवाल्याने एकदा वैतागून तिची हनुवटी धरली आणि मान सरळ करून दिली. तो कॅमेऱ्यामागे पोचेपर्यंत मान परत जागेवर. "ऱ्हवांदे रे," आई त्याला म्हणाली, "देव पण माका अशीच ओळखता."

कारण साधं होतं. आई तिठ्यावर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे, मासे विकायची. आडाळी, आमच्याकडची विळी, पायाखाली दाबून मासा दोन्ही हातांनी कापायचा, मग डोक्यावर छत्री धरायची कोणी? तर तिने छत्रीचा दांडा मान आणि डावा खांदा यांच्यामध्ये चेपून धरायची सवय लावून घेतली होती. पुढे मोबाइल आले आणि लोक तसाच फोन मानेत धरून बोलायला लागले, तेव्हा आई म्हणायची की ही कला माझी, ह्यांनी चोरली.

तिठ्यावर पूर्वी एक मोठं भेंडीचं झाड होतं, भाजीची भेंडी नव्हे, पिंपळासारख्या पानांचं दाट सावलीचं झाड. रस्ता रुंद करताना ते तोडलं. पण मासेवाल्या बायांच्या जागा झाडाभोवती ठरलेल्या होत्या आणि त्या सासूकडून सुनेकडे आलेल्या होत्या. त्यामुळे झाड गेलं तरी बाया जिथल्या तिथेच, गोल करून, मधे काही नसलेल्या जागेभोवती बसत राहिल्या. नवखा माणूस आला की बघत राहायचा, ह्या बायका कशाची पूजा करतायत. चार पावलांवर किराणा दुकानाची पडवी होती, तिथे सावली होती. पण सासूने दिलेली जागा सोडून कोण जातंय? आई तर मुळीच जाणार नव्हती.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार साल उलटून गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी, आईचा डावा हात बधिर व्हायला लागला. सुरमईची तुकडी हातातून निसटून गटारात गेली तेव्हा ती पहिल्यांदा घाबरली. मालवणच्या डॉक्टरांनी सांगितलं की मानेतली शीर दबतेय, छत्री मानेत धरणं बंद. मग ती दोन दिवस छत्रीशिवाय बसली आणि तिसऱ्या दिवशी भोवळ येऊन स्वतःच्याच बांगड्यांच्या टोपलीवर आडवी झाली. डॉक्टर म्हणाले, आता घरी बसा. आई हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी छत्री मानेत घालून तिठ्यावर.

मला ती घरी बसलेली नको होती, हे आधीच सांगते. घरी बसलेली माझी आई मी पाहिलेली होती. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी ती काही महिने घरी होती, तेव्हा तिने सगळ्या शेजारणींशी भांडणं काढली आणि आजोबांना पेज कशी प्यावी हे शिकवलं. तिठा ही तिची जागा होती. तिथे ती राणी होती, वाकड्या मानेची का होईना.

मी तेव्हा कॉलेज संपवून घरी होते. गावात अशा मुलीला मोकळी म्हणतात आणि मोकळ्या मुलीकडे गावातले सगळे कागद येतात. म्हणून आमच्या शाळेतल्या गुरुजींनी ती पेपरातली जाहिरात माझ्याकडे आणून दिली. मुंबईची कुठलीशी संस्था गावोगावच्या लोकोपयोगी कामांना अनुदान देणार होती, प्रस्ताव मागवले होते. गुरुजी घाटावरचे. आले तेव्हा मासळीचा वास आला की नाकाला रुमाल लावायचे, आता बांगड्याचं डोकं चोखून खात. ते म्हणाले, "तिठ्यावर छप्पर मागू. तुझ्या आईची मानही वाचेल." मला एवढा आनंद झाला की मी जाहिरात घेऊन तशीच तिठ्यापर्यंत पळत गेले आणि तिथे पोचल्यावर लक्षात आलं, चप्पल एकाच पायात आहे.

रविवारी शाळेच्या पडवीत सगळ्या बाया जमल्या. पुढारीपण अर्थातच शेजारच्या काकीकडे. ही काकी तिठ्यावर आईच्या बरोबर समोर बसायची. तिचा आवाज असा की तिने इथून भाव सांगितला की पलीकडच्या तोंडवली गावातल्या गिऱ्हाइकाने घासाघीस सुरू करावी. गुरुजींनी फळ्यावर मथळे लिहिले: प्रकल्पाचे नाव, गरज, उद्दिष्टे, लाभार्थी, लोकसहभाग. आणि पहिल्याच मथळ्यावर भांडण लागलं. गुरुजींनी लिहिलं होतं, मत्स्यविक्रेत्या महिलांसाठी निवारा. काकीने विचारलं, निवारा कशाला, आम्ही काय भिकारी? मग गुरुजींनी निवारा पुसून शेड लिहिलं, त्यावर कोणाचं काही म्हणणं नव्हतं.

खरी गंमत 'गरज' ह्या मथळ्याला झाली. गुरुजी विचारत होते, तुम्हाला त्रास काय होतो ते सांगा. एकही बाई त्रास सांगेना. ऊन लागतं का? लागतं थोडं, ऊन कोणाक लागत नाय. चक्कर येते का? आमच्या घरात कोणाला चक्कर येत नाही. पावसात मासे भिजतात का? मासे भिजतात म्हणजे काय गुरुजी, ते पाण्यातलेच. गुरुजींनी 'गरीब महिला' असं लिहिलं तर एकेकीने उठून आपापल्या घरी काय काय आहे ते सांगायला सुरुवात केली. एकीचा मुलगा बोटीवर इंजिनात होता, एकीकडे फ्रीज आला होता. ज्या आईसाठी हे सगळं चाललं होतं तीच सगळ्यांत पुढे. "आमच्या गावाची उणी बाजू मुंबयक कित्याक सांगूची?" ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिची मान डावीकडे पडलेली.

गुरुजी खडू ठेवून बसले. मी मधे पडले. मला राग आला होता आणि हसूही येत होतं. मी म्हटलं, देवळात गाऱ्हाणं घालताना तर सगळं सांगता, सासूचं, सुनेचं, म्हशीचं. देवाला सांगायला लाज नाही आणि संस्थेला सांगायला आहे होय?

काकी उठली, पदर कमरेला खोचला, हात जोडले आणि फळ्याकडे तोंड करून सुरू झाली. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालायची एक रीत आहे. एकाने मोठ्याने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते मानकरी पुरुषांचं काम, बायांनी कधी घातलेलं मी ऐकलं नव्हतं. पण काकीला पुरुष काय काय बोलतात ते पाठ होतं.

"बा मुंबयच्या संस्थे म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्यापुढे उभी ऱ्हवली आसत."

"व्हय म्हाराजा," सगळ्या बाया एका सुरात.

"आमचा भेंडीचा झाड तोडून नेला, त्याच्या जागी सावली दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

आणि मग जे बाहेर पडायला लागलं ते थांबेचना. कोणाच्या पाठीवर उन्हाने फोड येतात, कोणाची सून पोटुशी असून रस्त्याच्या कडेला बसते, बर्फ वितळून मासे नरम पडतात आणि निम्म्या भावात द्यावे लागतात, पावसात टोपल्यांवर प्लास्टिक धरून बसावं लागतं. मधेच कोणीतरी आपल्या घोवाची, म्हणजे नवऱ्याची, दारू सुटूदे हेही घुसवलं, त्यालाही सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं. मी वहीत भराभरा लिहीत होते आणि हसून हसून माझी अक्षरं उड्या मारत होती. गुरुजी डोळे पुशीत होते. शेवटी काकी आईकडे वळली.

"हिची मान छत्रीन वाकडी केली म्हाराजा, ती सरळ कर. आणि हिका तिठ्यावरसून घरी बसव नको. ही घरी बसली तर आमका भांडाक कोण नाय."

"व्हय म्हाराजा," बाया म्हणाल्या. आई नाक पुसल्यासारखं करून बाहेर बघत राहिली.

तो सगळा मजकूर मी ऑफिसच्या मराठीत उतरवला. घोवाची दारू तेवढी गाळली. लोकसहभागाच्या मथळ्याखाली तर बायांनी इतकं देऊ केलं की गुरुजींना आवर घालावा लागला. कोणी घर बांधून उरलेले चिरे दिले, कोणी रोज कामगारांना जेवण. एकीने नवरा दिला, ओझी वाहायला, आणि काम संपेपर्यंत परत पाठवू नका असंही सांगितलं. मालवणात कॉम्प्युटर क्लासवाल्याकडे बसून मी सगळं टाइप करून घेतलं, बांधणीला कोकमी रंगाचं कव्हर लावलं आणि पोस्टात टाकताना लिफाफ्याला नमस्कार केला. मागचा माणूस म्हणाला, आता पुढे सरका.

महिन्याभराने उत्तर आलं. प्रस्ताव आवडला आहे, संस्थेच्या बाई प्रत्यक्ष पाहणीला येतील. दिवसही कळवला होता. मी पत्र तिठ्यावर वाचून दाखवलं आणि तिथे जो गलका उडाला त्यात दोन गिऱ्हाइकं फुकटात मासे घेऊन गेली असावीत.

आणि मग आम्ही घोळ घातला. आता सांगताना वाटतं की हा घोळ आमच्याशिवाय कोणी घालू शकलं नसतं. देवाला जखम दाखवायची ही आमची रीत, तशी पाहुण्याला नवी चादर दाखवायची हीही आमचीच रीत. मुंबईची बाई येणार, एवढी लांबून, आणि ती काय तिठ्यावर उन्हात बसणार? गावाचं नाव काय राहील? काकीच्या मुलीचं लग्न पाहणीनंतर दोन दिवसांनी होतं आणि लग्नाच्या माटवासाठी, म्हणजे मांडवासाठी, वाडीतल्या सगळ्यांनी मिळून नारळाच्या झावळ्यांचे झाप विणून ठेवले होते. काकीने ते एका दिवसासाठी दिले. अट एकच, लग्नाचा माटव घालायचा मुहूर्त पाहणीच्या दिवशीच दुपारचा होता, त्याच्या आत झाप परत हवेत. बाई सकाळी येणार होत्या, म्हणून कोणाला काळजी नव्हती.

सकाळी तिठ्यावर, बायांच्या गोलाशेजारी, असा माटव उभा राहिला की सांगता सोय नाही. खाली शेणाने सारवलं, आंब्याच्या पानांचे टाळे लावले, शाळेतल्या खुर्च्या मांडल्या. मी रांगोळी काढली, तीही दोनदा, कारण पहिली कुत्र्याने तुडवली. गुरुजी प्रशिक्षणासाठी ओरोसला गेले होते, ते सकाळच्या एसटीने उतरले, माटवाकडे बघितलं आणि तिथेच पिशवी खाली ठेवली. "अगं," ते मला म्हणाले, "आपण लिहिलंय काय आणि तू उभारलंस काय?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपण सावली मागितली आहे, आणि गारगार सावली उभी करून ठेवली आहे. मी काकीला सांगायला धावले. काकी म्हणाली, आता काढला तर पाव्हणीचा अपमान. तेवढ्यात सरपंच इस्त्रीचा सदरा घालून आले, मग काढायचा प्रश्नच उरला नाही.

बाई आल्या, पण उशिरा. आरोंद्याकडचं कसलंसं काम आटपून त्या आल्या तेव्हा ऊन चांगलं डोक्यावर चढलं होतं. तरुण होत्या, खांद्याला झोळी, हातात आमचा कोकमी प्रस्ताव. त्यांना मधल्या खुर्चीवर बसवून शहाळं दिलं. बाजूला सरपंच, गुरुजी आणि गावचे चार मोठे पुरुष. बाया मात्र माटवात नव्हत्या. माटव पाहुण्यांचा, बायांच्या जागा त्यांच्या त्यांच्या, उन्हात. आईही तिच्या जागेवर, छत्री मानेत, बांगडे कापत.

बाईंनी वर बघितलं, सभोवार बघितलं. "छान वाटतंय इथे," त्या म्हणाल्या. "सावलीही भरपूर आहे. प्रस्तावात मात्र तुम्ही वेगळं लिहिलंय."

आणि सरपंच छाती पुढे काढून म्हणाले, "आमच्या गावात कशाची कमी नाही, मॅडम."

मी आईकडे बघितलं. ती मान वाकडी करून माझ्याकडेच बघत होती आणि तिला कळलं होतं, शेड हातची गेली. ती घरी बसलेली मला डोळ्यांपुढे दिसायला लागली.

त्याच वेळी काकीचे दोघे भाऊ टेम्पो घेऊन आले. मुहूर्त जवळ आला होता. काकी आपल्या जागेवरून उठली, माटवाकडे बघितलं, पाहुणीकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं. मुलीच्या माटवाचा मुहूर्त मुंबईच्या संस्थेसाठी थांबणार नव्हता. तिने भावांना हात केला. ते मागच्या बाजूने चढले आणि सुंभाच्या गाठी सोडून एकेक झाप खाली ओढायला लागले.

पहिला झाप गेला तेव्हा ऊन गुरुजींच्या पाठीवर पडलं. दुसरा गेला तसे सरपंच खुर्चीसकट पुढे सरकले. बाईही सरकल्या. तिसरा गेला, सगळे आणखी पुढे. असं करत करत ती सगळी प्रतिष्ठित मंडळी खुर्च्या ओढत माटवाच्या पुढच्या टोकाला येऊन एकमेकांच्या मांडीवर बसायच्या बेतात आली. मला हसू फुटत होतं आणि ते दाबताना रडूही येत होतं. बाया तर पदर तोंडात कोंबून बसल्या होत्या. शेवटचा झाप निघाला. बाईंनी चटकन आमचा प्रस्ताव उघडून डोक्यावर धरला.

"हा मांडव कुठे नेतायत?" त्यांनी विचारलं. उत्तर आईने दिलं.

"ते झाप लग्नाचे, बाये. तू इलंस म्हणान घातले. तू नाय तेव्हा आमी ह्याच उन्हात." मग ती जराशी सरकली आणि शेजारची फळी पुसली. "हय ये, बस छत्रीत."

बाई गेल्या आणि आईशेजारी फळीवर बसल्या. आईने छत्री त्यांच्या हातात दिली आणि दोन्ही हात मोकळे करून बांगडा घेतला. थोडा वेळ बाईंनी छत्री दोघींवर धरली. मग हात बदलला. मग पुन्हा बदलला. आईने हसून त्यांना दाखवलं, हात दुखतो ना, मग अशी मानेत घाल. बाईंनी दांडा मानेत चेपला. त्यांची मान डावीकडे पडली आणि दोघी सारख्याच दिसायला लागल्या. सगळा तिठा हसला, बाईही हसल्या, पण लगेच त्यांनी मान चोळली.

"किती वर्षं धरताय अशी?" त्यांनी विचारलं.

आईने माझ्याकडे बांगड्यासकट हात केला. "ह्या चेडू पोटात होता तेव्हापासून."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी तेव्हा वीस वर्षांची धिप्पाड मुलगी, रांगोळीने पांढरे झालेले हात घेऊन उभी. जाताना त्यांनी घामाने ओला झालेला प्रस्ताव जपून झोळीत ठेवला आणि बांगडे विकत घेतले. आईने त्यांना घासाघीस करू दिली नाही, पाहुणी असली तरी. काकीच्या मुलीचं लग्न मात्र मुहूर्तावर लागलं.

शेड पुढच्या वर्षी उभी राहिली. पत्रे, चिऱ्याचे खांब, खाली ओटे, आणि ओटे गोल, मधे मोकळी जागा ठेवून, कारण जागा बदलायला कोणीही तयार नव्हतं. गवंडी म्हणाला, अशी शेड मी जन्मात बांधलेली नाही. मधल्या जागेत गुरुजींनी भेंडीचं रोप लावलं.

उद्घाटनाला संस्थेच्या बाई आल्या होत्या. फोटो काढायला मालवणचा तोच फोटोवाला. आई खिळ्याला छत्री अडकवून आपल्या ओट्यावर बसली होती, वर पक्कं छप्पर, आणि तरी मान डावीकडे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की शीर मोकळी होईल, पण सवय जायला वेळ लागेल. फोटोवाला म्हणाला, मावशी, मान सरळ. आईने केली. पडली. पुन्हा केली. पुन्हा पडली. आई ओशाळली. तिला तसं ओशाळलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

तेव्हा काकीने तिचा तो तोंडवलीपर्यंत जाणारा आवाज काढला. "अगो, सगळ्यांनी वाकडी करा. मगे ती सरळ दिसतली."

आणि सगळ्यांनी माना डावीकडे टाकल्या. एकजात सगळ्या बाया, गुरुजी, संस्थेच्या बाई, मागे सरपंचसुद्धा. आईने वळून ही वाकडी रांग बघितली आणि ती अशी हसत सुटली की तिची मान आपोआप ताठ झाली, मागे गेली, डोळे मिटले, तोंड उघडं पडलं. फोटोवाल्याने नेमका तेव्हा खटका दाबला.

तो फोटो आमच्या दारासमोरच लावलेला आहे. घरी कोणी नवीन माणूस आला की हमखास विचारतो, मधल्या ह्या एका बाईला सोडून बाकी सगळ्यांच्या मानेला काय झालंय?